घरात नेटची वायर ओढून घ्यावी की वाय-फायवर भागवावं? (शिवाजी पेठ, जुनं घर, गिलावा तोंडावर)

जोत्याचा_दगड (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. सल्ला हवाय आणि जरा घाई आहे.

घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. पुढचा भाग आजोबांच्या काळचा. काळ्या दगडाचं जोतं, वर दगड-मातीच्या भिंती, खिडकीच्या कोनाड्यात माणूस मांडी घालून बसेल एवढ्या जाड. सोपा, माजघर, वर माडी. मागं परड्यात नवं बांधकाम चाललंय, आरसीसी. खाली स्वयंपाकघर आणि एक खोली, वर दोन बेडरूम. स्लॅब पडलेत, विटांच्या भिंती उभ्या आहेत, पुढच्या आठवड्यात गिलावा. लाईटवाल्यानं काल विचारलं, "नेटचे पॉइंट कुठं कुठं पाहिजेत ते आत्ता सांगा. गिलावा झाल्यावर मला बोलवू नका."

त्यावरनं घरात दोन तट पडलेत. वडील म्हणतात, टेलिफोनची वायर अशीच हौसेनं भिंतीत घातली होती, आज ती कोण विचारतंय? आता सगळं हवेतनं येतंय. भाऊ पुण्यातल्या कंपनीचं काम घरनं करतो, त्याला माडीवर बसायचंय. मीटिंगमध्ये आवाज तुटला की तो सगळ्या घरावर चिडतो. सोप्याला लागून आमचा दुकानगाळा, तिथं बिलिंगचा कॉम्प्युटर. टीव्ही दोन. कॅमेरे चार तरी लावायचेत.

फायबर सोप्यात येतो, राउटर तिथंच टांगलाय. माजघर ओलांडलं की फोनवरचा व्हिडिओ नुसता गरगरत राहतो.

दुकानदार म्हणतो, तीन डब्यांचा मेश संच (घरभर ठेवायचे, आपसांत जुळलेले वाय-फायचे डबे) घ्या, खोदाखोदी कशाला. लाईटवाला म्हणतो, खोलीगणिक पॉइंट करा. दोघंही आपापला माल खपवायला बसलेत एवढं मला कळतंय. पुढचं तुम्ही सांगा.

तांबडा_पांढरा

वायर ओढ भावा. गिलाव्याच्या आधी विचार करायला मिळालाय, असं नशीब कितीजणांचं असतंय? विषय कट.

पुण्यात_अडकलेला

मी उलटं सांगतो. आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट, बिल्डरनं हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये नेटचे पॉइंट दिलेत. एकाही पॉइंटला आजवर काही लावलेलं नाही. एक वाय-फाय ६ चा राउटर हॉलच्या मधल्या भिंतीवर आहे. बायकोचं ऑफिस, माझं ऑफिस, पोरांचे गेम, टीव्ही, सगळं त्यावर चालतं. लॅपटॉपला तर आता वायरची खाचच नसते, वेगळा ॲडॅप्टर घ्यावा लागतो. वडिलांचं ऐका, पैसे फरशीत घाला.

ओहमचा_नियम

वरच्या दोघांचंही खरं आहे, घरं वेगळी आहेत म्हणून. पुण्याच्या फ्लॅटला चार-सहा इंची ब्लॉकच्या भिंती आणि सगळं एका मजल्यावर. तिथं एका राउटरनं भागलं तर नवल नाही. शिवाजी पेठेत आधी भिंतीकडं बघावं लागतं.

वाय-फाय चालतं २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर. वारंवारता वाढली की लहर भिंतीत जास्त मुरते. दोन फुटी दगड-मातीच्या भिंतीत ५ गिगाहर्ट्झ बहुतेक आतच संपतो. त्यात आपला पाऊस. मातीची भिंत जून ते सप्टेंबर ओल धरून बसते, आणि पाणी या लहरी चांगल्या शोषतं. तेव्हा मे महिन्यात माजघरापलीकडं जेमतेम पोचणारा सिग्नल जुलैतही पोचेल असं धरून चालू नका. नव्या भागातल्या विटांच्या भिंती तेवढा त्रास देणार नाहीत, पण स्लॅबमध्ये सळ्यांची जाळी आहे, त्यामुळं खालचा राउटर वरच्या बेडरूमला नीट पुरेल याची खात्री नाही. लोखंडी कपाट, आरशाचं कपाट, परड्यातली पत्र्याची शेड, हे सगळे लहरी परतवणारे.

५ पोचला नाही की फोन गुपचूप २.४ वर जातो. तो लांब जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. पेठेतल्या बोळात उभं राहून फोनवर वाय-फायची यादी उघडा, मग कळेल किती घरं त्या तीन चॅनलांत दाटीवाटीनं बसलीत. आणि एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं. शेजाऱ्याचा टीव्ही चालू असला की तुमचा फोन थांबतो.

भावाचा आवाज तुटतो तो वेग कमी म्हणून नव्हे. व्हिडिओ मीटिंगला तीन-चार एमबीपीएस पुरतात, एवढे कुठल्याही प्लॅनमध्ये असतात. आवाज-चित्राची माहिती ज्या छोट्या तुकड्यांत जाते ती पाकिटं वेळेवर पोचत नाहीत, हे त्याचं दुखणं आहे. वायरीवर राउटरपर्यंत जाऊन यायला एक मिलिसेकंदही लागत नाही, आणि दर वेळी तेवढाच वेळ लागतो. गर्दीच्या वाय-फायवर तोच आकडा कधी ३ असतो, कधी ८०. यूट्यूब आधीच थोडं भरून ठेवतं म्हणून चालून जातं. मीटिंगला साठा करून ठेवता येत नाही.

आता मेश. दुकानदाराला एकच विचारा, हे तीन डबे आपसांत बोलणार कशानं? हवेतनंच बोलणार असतील तर मध्ये तीच दगडी भिंत आहे. शिवाय साध्या, दोन बँडच्या डब्याला ज्या रेडिओवर तुमच्या फोनशी बोलायचं त्याच रेडिओवर मागच्या डब्याशीही बोलावं लागतं, त्यात वेग साधारण निम्म्यावर येतो. पण त्याच डब्यांपर्यंत वायर नेली तर तेच डबे झकास चालतात.

म्हणून माझं मत, वाय-फाय ठेवाच. वायर ओढायची ती प्रत्येक जाड भिंतीपलीकडं आणि प्रत्येक मजल्यावर वाय-फायचा एक डबा पोचवण्यासाठी. ते झाल्यावर जे जागचं हलत नाही, म्हणजे बिलिंगचा कॉम्प्युटर, भावाचं टेबल, कॅमेरे, त्यांनाही वायर मिळून जाते.

जाता जाता एक गंमत. आपण ज्याला वायरवालं नेट म्हणतो ते ईथरनेट १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत जन्माला आलं, आणि त्याची कल्पना घेतली होती हवाई बेटांवरच्या विद्यापीठाच्या रेडिओ नेटवर्कवरून, जे १९७१ पासून चालू होतं. म्हणजे वंशावळ काढली तर वायरच बिनतारीची लेक निघते. वडिलांना सांगा, खूश होतील.

जोत्याचा_दगड

ओहमसर, वाचून दाखवलं. वडिलांनी एवढंच विचारलं, "मग टेलिफोनच्या वायरीचं काय झालं ते सांगा म्हणावं."

वायरमन_बापू

काकांचा प्रश्न लाखमोलाचा हाय. टेलिफोनची वायर वाया गेली कारण ती भिंतीत थेट पुरलेली. वायर पुरायचीच न्हाई. पाईप पुरायची. वायर आज हाय, उद्या काढून दुसरी घालता येती. पाईप असंल तर दहा वर्षांनी त्यातनं फायबर ओढा न्हाईतर आणि काय निघंल ते ओढा.

माझं सांगणं असं. नव्या भागात प्रत्येक खोलीत एक तरी २५ मिलिमीटरची पाईप, जिन्याखालच्या न्हाईतर जिन्यावरच्या एका जागी सगळ्या येऊन मिळाल्या पायजेत. एका पाईपात कॅट ६ च्या (नेटच्या वायरीची जात) चार वायरी निवांत बसत्यात, पाचवी कोंबू नगा. वळणाला काटकोनी एल्बो नको, लांब बेंड घ्या, न्हाईतर पुढं वायर ओढायची स्प्रिंग फिरत न्हाई. दोन वळणांच्या पुढं गेलं की मधी एक बॉक्स सोडा. ज्या पाईपात आज वायर घालणार न्हाई त्यात नायलॉनची दोरी तरी घालून ठेवा, तोंडाला कागदाचा बोळा. गिलाव्याचा माल आत गेला की पाईप मेली.

लाईटची आन् नेटची वायर एका पाईपात कधीच न्हाई. कोण किती बी सांगू दे. शेजारनं न्यायची असंल तर वीतभर अंतर, ओलांडायची असंल तर काटकोनात.

वायर ओढताना दोघं पायजेत, एक ढकलणारा, एक ओढणारा. लावला जोर आन् ओढलं खसकन, असं केलं की आतली जोडी ताणती, बाहेरनं दिसत बी न्हाई.

जुन्या भागाचं सांगतो. दगड-मातीच्या भिंतीला मोठं ड्रिल लावू नगा. आतली माती सुटती, मग भोक भरता भरता दिवस जातोय. दाराच्या चौकटीच्या वर लाकूड असतंय, तिथनं पार करा, न्हाईतर तुळईच्या शेजारी जुनी फट असती ती बघा. आन् माडीवर उंदीर असत्यात. नुसती वायर तक्तपोशीवर टाकली तर पावसाळ्याच्या आत कुरतडली म्हणून समजा. तिथं बी पाईपच.

तांबडा_पांढरा

बापू नादखुळा!

करवीरकन्या

राजारामपुरीत भाड्यानं राहते. मालकीणबाई खिळा मारू देत नाहीत, पाईप कुठली पुरू? राउटर दाराशी, माझी खोली शेवटची. वर्क फ्रॉम होम मलाही आहे. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

ओहमचा_नियम

ताई, आधी फुकटचा उपाय. फायबर दाराशीच संपला पाहिजे असा नियम कुठं नाही. कनेक्शन देणाऱ्या माणसाला सांगा, अजून आठ-दहा मीटर आत आणून डबा घराच्या मधोमध लाव म्हणून. फायबरची वायर बारीक असते, दाराच्या चौकटीच्या कडेनं पांढऱ्या क्लिपा लावून जाते. फक्त तीव्र घडी घालू द्यायची नाही. बहुतेक घरांत राउटर दाराशी असतो तो वायरमनचं काम लवकर संपावं म्हणून.

तेवढ्यानं भागलं नाही तर कॅसिंग पट्टी (वायर झाकायची प्लास्टिकची पट्टी), दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं लावलेली. घर सोडताना हेअर ड्रायरनं गरम करून काढली की रंग सहसा निघत नाही. त्यातनं एक वायर तुमच्या टेबलापर्यंत.

लाईटच्या वायरिंगमधनंच नेट पाठवणारे ॲडॅप्टर मिळतात. जुन्या वायरिंगवर त्यांचा भरवसा नसतो, दोन सॉकेट वेगवेगळ्या फेजवर असले की आणखी पंचाईत. परत घेणारं दुकान असेल तरच आणून बघा, आणि एक्स्टेन्शन बोर्डात न लावता थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा.

करवीरकन्या

डबा आत आणायचं डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच फोन करते.

पुण्यात_अडकलेला

बरं, पेठेतल्या भिंतींपुढं मी हात टेकले. पण टीव्हीला वायर द्या असं कुणी सांगू नका. मी टीव्हीला वायर लावून स्पीड टेस्ट केली, ९४ च्या वर जाईना. वाय-फायवर त्याच टीव्हीला दोनशेच्या पुढं मिळतात. वायर फास्ट असते म्हणे!

ओहमचा_नियम

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पुष्कळ टीव्हींना, महागड्यांनासुद्धा, वायरची खाच १०० एमबीपीएसचीच देतात. १०० च्या खाचेतनं हातात ९४-९५ च पडतात. पण फोर-के सिनेमाला १५ ते २५ लागतात. ९४ सुद्धा तिप्पट-चौपट झाले. टीव्ही वायरीवर टाकायचा तो हवा मोकळी करायला. रोज चार तास चालणारी सगळ्यात खादाड वस्तू वाय-फायवरनं उतरली की उरलेल्यांना जागा होते.

मात्र हाच ९४ चा आकडा कॉम्प्युटरवर दिसला तर वायर तपासा. १०० एमबीपीएसला आठातल्या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. एखादी तार जॅकमध्ये नीट बसली नसेल तर दोन्ही टोकं मुकाट्यानं १०० वर तडजोड करतात. नेट चालू असतं, त्यामुळं वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. गिगाबिटच्या धड वायरीवर ९४० च्या आसपास दिसायला पाहिजे, अर्थात प्लॅन तेवढा असेल तर. नसेल तर घरातल्या घरात दोन कॉम्प्युटरमध्ये फाईल पाठवून बघायची.

वायरमन_बापू

ह्यालाच जोडून सांगतो. वायर घेताना तांब्याचीच घ्या. बाजारात तांब्याचं पाणी दिलेली ॲल्युमिनियमची वायर मिळती, बॉक्स हातात घेतला की हलका लागतोय, भाव बी लई कमी. ब्लेडनं तार खरवडायची, आत पांढरी निघाली की ठेव म्हणायचं परत. ती तार जॅकमध्ये दाबताना तुटती आन् कॅमेऱ्याला त्यातनं करंट दिला की तापती.

भिंतीतली वायर अखंड तारेची पायजे. मऊ, बारीक तारांची असती ती फक्त भिंतीपासनं टेबलापर्यंत. आन् भिंतीतल्या वायरीला थेट प्लग दाबू नगा, बॉक्समधी जॅक बसवा. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच. आम्ही T568B नावाची पद्धत धरतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मधी निळी जोडी हिरव्याच्या पोटात जाती, तिथंच नवशिकी पोरं चुकत्यात.

पंचगंगाकाठ

कुणी पाण्याचं आणि विजेचं बोलेना म्हणून लिहितो.

आमचं घर दुधाळीच्या बाजूला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ असतंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये काय झालं ते सांगायला नको. तुमच्याकडं पाणी येत नसेल तर उत्तम, पण धागा वाचणाऱ्यांत आमच्यासारखे असतील. सगळ्या वायरी एकत्र येतात ती जागा, नेटचा स्विच (सगळ्या वायरी जोडणारा डबा), राउटर, कॅमेऱ्याचं रेकॉर्डर, हे सगळं वरच्या मजल्यावर ठेवा. तळमजल्यावर फक्त पॉइंट, तेही कमरेच्या वर. भिंतीतल्या जॅकमध्ये गाळ गेला तर जॅक बदलून भागतं. रेकॉर्डर बुडाला तर गेलाच.

दुसरं, वळीव. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी जे कडाडतं त्यात गच्चीवरच्या कॅमेऱ्यापासून आत आलेल्या वायरीनं आमच्या एका नातेवाइकांचा स्विच, टीव्ही आणि कॉम्प्युटरचं नेट कार्ड एका झटक्यात उडालं. वीज घरावर पडलेली नव्हती, जवळपास कुठंतरी पडली होती.

ओहमचा_नियम

पंचगंगाकाठ, फार बरं झालं लिहिलंत. वायरीचा हा खरा तोटा आहे आणि विकणारे तो सांगत नाहीत. उघड्यावरनं गेलेल्या तांब्याच्या लांब तारेत जवळच्या विजेनं दाब चढतो. नेटच्या खाचेतला छोटा ट्रान्सफॉर्मर साधारण दीड हजार व्होल्ट झेलतो, पुढचं त्याच्या हाताबाहेरचं.

दोन पथ्यं पाळा. एका इमारतीतनं दुसरीत, म्हणजे समोरच्या काकांच्या घरी वगैरे, तांब्याची नेट वायर न्यायची नाही. दोन घरांच्या अर्थिंगमध्ये फरक असतो आणि तो फरक तुमच्या वायरीतनं वाहतो. तिथं फायबर न्या, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडून देणारा डबा). फायबर काचेचा, त्यातनं वीज जात नाही. फक्त आधाराला पोलादी तार असलेली जात घेतली तर ती तार घराबाहेरच कापा. दुसरं पथ्य, गच्चीवरचा कॅमेरा छपराच्या पडवीखाली, भिंतीला लागून, वायर घराच्या आतनं नेलेली. त्या वायरीला सर्ज प्रोटेक्टर लावता येतो, पण घराचं अर्थिंग धड असेल तरच त्याचा उपयोग. पेठेतल्या जुन्या घरांत अर्थिंग कित्येकदा नावाला असतं, तेव्हा आता काम चाललंच आहे तर नवीन खड्डा घेऊन टाका. हा खर्च नेटसाठी नाही, माणसांसाठी.

जोत्याचा_दगड

हे मला लाईटवाल्यानं सांगितलंच नव्हतं. अर्थिंगचं आजच बोलतो.

कॅमेऱ्यांचं विचारतो. बिनवायरचे मिळतात, नुसते सॉकेटमध्ये लावायचे. ते घेतले तर चार वायरी वाचतील ना?

वायरमन_बापू

सॉकेटात लावायचा म्हणजे सॉकेटापर्यंत लाईटची वायर न्यायलाच लागती की! मग नेटचीच न्या, करंट बी त्यातनंच.

ओहमचा_नियम

बापूंनी एका ओळीत सांगितलं. नेटच्या वायरीतनं वीज देण्याची पद्धत, पीओई, साध्या प्रकारात एका खाचेतनं १५.४ वॉट देते, कॅमेऱ्याला तेवढे पुष्कळ. वायरीची मर्यादा १०० मीटर, आपल्या घरांना ती लागत नाही.

यातला खरा फायदा लाईट गेल्यावर कळतो. वायरलेस मेशचे तीन डबे तीन सॉकेटवर असतात, घरात इन्व्हर्टर नसेल तर तीन ठिकाणी तीन छोटे यूपीएस लागतात. पीओई स्विच घेतलात तर कॅमेरे आणि छताचे वाय-फाय डबे सगळे त्या एका स्विचवर जगतात. एका जागी एक बरा यूपीएस, त्यावर फायबरचा डबा, राउटर आणि स्विच. महावितरणची लाईट जाऊ दे, भावाची मीटिंग चालू राहील. बिनवायरचे चार कॅमेरे मात्र चोवीस तास २.४ वर चित्र ढकलत बसतात, त्या आधीच भरलेल्या तीन चॅनलांत.

नवं_कायतरी

पण वाय-फाय ७ आलंय की! त्यात वायरीपेक्षा जास्त स्पीड मिळतो म्हणतात. आज कॅट ६ घातली आणि दोन वर्षांत ती जुनी झाली तर? निदान कॅट ६ए तरी घालायला सांगा.

ओहमचा_नियम

कॅट ६ चं मानक २००२ सालचं. तेव्हापासून वाय-फायच्या किती पिढ्या झाल्या मोजा. वाय-फाय ६ ची प्रमाणपत्रं २०१९ मध्ये सुरू झाली, ७ ची जानेवारी २०२४ मध्ये. डबे बदलत गेले, वायर तीच राहिली. तिच्यावर १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट जातं, २०१६ मध्ये आलेल्या मानकानं अडीच आणि पाचही जातं, आणि ५० मीटरच्या आतल्या घरगुती अंतराला १० सुद्धा. ६ए जाड आणि ताठ असते, पाईपात दोन कमी बसतात आणि बापू शिव्या देतात.

वाय-फाय ७ चा मोठा वेग ६ गिगाहर्ट्झच्या रुंद चॅनलांवर आहे. आपल्याकडं २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवानामुक्त झाला, आणि ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झसाठी नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये निघाला. पण ६ गिगाहर्ट्झ भिंतीला ५ पेक्षाही लवकर हरतो. जितकं नवं वाय-फाय, तितका डबा माणसाच्या जवळ पाहिजे, आणि डबा जवळ आणायला वायर पाहिजे. माजघराच्या भिंतीला तुम्ही कुठली पिढी आणलीत यानं फरक पडत नाही.

तांबडा_पांढरा

मी पहिल्याच प्रतिसादात हेच बोललो होतो, फक्त थोडक्यात 😄

जोत्याचा_दगड

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी भाऊ आणि मी राउटर लांब वायरीनं माजघरात, मग नव्या जिन्यावर असा फिरवून फोनवर सिग्नल मोजला. जिन्यावर ठेवल्यावर वरच्या दोन्ही बेडरूममध्ये उणे ६० च्या आसपास, म्हणजे चांगला. पण तिथनं माडीवर काहीच नाही, आणि सोप्यात उणे ८०, म्हणजे कमकुवत. मध्ये ती एकच भिंत.

ठरलं ते असं. फायबर सोप्यातनं पाईपातनं थेट नव्या जिन्याच्या वरच्या टप्प्यावर न्यायचा, तिथं एक कपाट. राउटर, आठ खाचांचा पीओई स्विच, रेकॉर्डर आणि यूपीएस त्यात. तिथनं वायरी: माडीवर दोन (एक भावाच्या टेबलाला, एक वाय-फायच्या डब्याला), सोप्यात डब्याला एक, दुकानात बिलिंगला एक, खालच्या खोलीत टीव्हीमागं एक, कॅमेऱ्यांना चार. दोन्ही बेडरूमला नुसत्या पाईपा, आत दोरी. वरचा टीव्ही वाय-फायवरच राहील, राउटर तिथनं दहा फुटांवर आहे. मेशचा तीन डब्यांचा संच घेणार नाही, राउटरशी जुळणारे दोन डबे पुरे.

वडिलांनी पाईपेला मान्यता दिली. वायरीला अजून दिलेली नाही.

पंचगंगाकाठ

कपाटाला दार लाकडी करा, पत्र्याचं नको. आणि खालून-वरून हवेला भोकं. रेकॉर्डर आणि पीओई स्विच दोन्ही तापणारे.

ओहमचा_नियम

मोजून बघा. माडीवर दोन, सोपा एक, दुकान एक, टीव्ही एक, कॅमेरे चार, झाल्या नऊ, राउटरकडं जाणारी दहावी आणि रेकॉर्डरची अकरावी. आठ खाचांत बसत नाही. सोळा घ्या, किंवा बिलिंग, टीव्ही आणि रेकॉर्डर थेट राउटरच्या मागच्या खाचांत लावा. स्विच घेताना एकूण किती वॉट देतो तेही बघा, नुसत्या खाचा मोजू नका. आणि राउटरमध्ये २.४ च्या चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा, ४० वर टाकली तर शेजाऱ्यांशी भांडण वाढतं. दुकानात गिऱ्हाइकांना वाय-फाय देणार असाल तर गेस्ट नेटवर्क वेगळं, बिलिंगचं वेगळं.

वायरमन_बापू

गिलाव्याच्या आदल्या दिवशी तीन कामं. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नंबर, पेनानं न्हाई, टेप गुंडाळून त्याच्यावर. सगळ्या वायरी टेस्टर लावून बघायच्या, आठही दिवे पेटले पायजेत. आन् प्रत्येक भिंतीचा मोबाईलवर फोटो, टेप लावून माप दिसंल असा. पुढं कोण तरी देव्हाऱ्याला खिळा मारणारच.

करवीरकन्या

कळवायचं राहिलं, कनेक्शनवाला येऊन गेला, डबा आता पॅसेजमध्ये आहे. आजची मीटिंग न तुटता झाली. बापू, आमच्या मावशीचं कळंब्याला काम निघालंय, तुम्ही तिकडं येता का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

वायरमन_बापू

बघितला ताई. गिलावा झालाय का नाही ते आधी सांगा.